मांडे वाढले

जळगावात स्टेशनजवळच्या मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर, स्वप्नीलचं वेबसाइट करून देण्याचं ऑफिस आहे. त्या ऑफिसात एक बाई आहे, जिने आजवर पगार मागितला नाही की रजा. ती फोटोत असते. पिवळ्या गव्हात उभी, हात पसरलेले, केस उडताहेत आणि बत्तिशी झाडून बाहेर. कुठल्या देशाची आहे देव जाणे! पण स्वप्नीलकडे जो येईल त्याच्या पहिल्या पानावर ही बया हजर. खतवाला आला, ही हसतेय. मंगल कार्यालयवाला आला, ही हसतेय. भुसावळच्या एका दातांच्या डॉक्टरच्या पानावर तर ती अशी काही शोभली की डॉक्टरने आणखी मोठी करायला सांगितली.

मग एक दिवस सावद्याहून तोतारामनानांचा फोन आला. नाना केळीचे व्यापारी, केळीला 'केयी' म्हणणारे, बोलायला रोखठोक. म्हणाले, "काहो स्वप्नीलभाऊ, ही बाई आमची केयी सोळून दातवाल्याकळे कव्हा गेली?"

ऑफिस पोट धरधरून हसलं. स्वप्नीलही हसला, त्याला आपल्यावर हसता यायचं, एवढा मोठेपणा माणसात होता. हसली नाही ती हेमांगी. कारण केळीवाल्याचं पान तिने केलं होतं आणि दातवाल्याचंही तिनेच. केलं म्हणजे काय, नाव बदललं, फोन नंबर बदलला, हिरव्याचं निळं केलं. पुण्यात जाऊन डिझाइन शिकून आलेल्या पोरीने हे करायचं? तिला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

हेमांगी बोरसे ही भडगावची, गिरणाकाठची. घरात खान्देशी बोलणं, 'आहे'ला 'शे' म्हणायचं, 'सगळे'ला 'बठ्ठा'. पुण्याच्या होस्टेलात पहिल्याच आठवड्यात ती आईला फोनवर म्हणाली, "माय, मी बरी शे." झालं! खोलीतल्या मुलींनी ते 'शे' असं उचललं की पुढे तिचं नावच शे पडलं. शे आली, शे गेली, शे, तुझा चहा घे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, असं लोक म्हणतात. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हेमांगीने जिभेला असा लगाम घातला की तिची आई सुमनबाई एकदा फोनवर म्हणाली, "पोरी, तू बोलस ते माले पाहुनी बोली राहिनी अशी लागस." पाहुणी! स्वतःच्या आईला! हेमांगीने फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं.

तर अशा या हेमांगीला एक छंद होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे रील बघत, ही जगभरातल्या तऱ्हेवाईक वेबसाइट शोधत बसे. त्यांचा तिने एक गठ्ठाच करून ठेवला होता, नाव ठेवलं होतं 'येडे'. त्यात कुठल्याशा थंड गावातला एक म्हातारा घड्याळजी होता. त्याच्या पानावरचं घड्याळ मुद्दाम मागे चालायचं आणि खाली लिहिलेलं असायचं की घाईत असाल तर माझ्याकडे येऊ नका. एक स्वेटर विणणारी बाई होती. तिच्या पानाच्या कडेला एक दोरा लोंबकळलेला, तो ओढला की सगळं पान ओळीओळीने उसवत जायचं आणि शेवटी ती म्हणायची, उसवलंस ना, आता बस विणत. एक पाववाला होता, रविवारी त्याच्या पानाचं शटर खाली असायचं आणि कान दिला तर आतून घोरण्याचा आवाज यायचा.

"सर, हे बघा ना," हेमांगी स्वप्नीलला म्हणायची. "उघडलं की कळतं, आत कुणीतरी राहतंय."

"आणि आपल्या वेबसाइटीत?"

"आपल्यात? खोली भाड्याने देणे आहे."

स्वप्नील म्हणायचा, "हेमांगी, गिऱ्हाईक घोरण्याला विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, कधी देता." त्याचंही खोटं नव्हतं. वरणगावात बापाचं किराणा दुकान, तिथे पुड्या बांधून वाढलेला पोरगा. वेळेवर माल दिला की निम्मी लढाई जिंकली, हे त्याला पुडीच्या दोऱ्याने शिकवलेलं.

त्याच उन्हाळ्यात धुळ्याहून कोकिळाबाई देसले, सगळ्यांच्या अक्का, आल्या. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. धुळ्यात देवपुरात त्या आणि त्यांच्या सोबतच्या बाया खापरावरचे मांडे करायच्या. ज्याने खापरावरचा मांडा खाल्ला नाही त्याला काय सांगावं! पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत, झेलत, ताणत कोपरापर्यंत नेतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरतात. भाकरीच्या तव्यावरची पोळी ती पोळी, आणि मांडा तो मांडा.

अक्कांचं म्हणणं सरळ होतं. आखाजी तोंडावर आलेली. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात आणि तो लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, मांडे आणि आमरस खातात. "पन आते पोरी येतस कोठे?" अक्का म्हणाल्या. "मनी आंडेर बेंगलोरले. सुट्टी नही म्हनस. अशा गनज पोरी शेत. त्या येत नहीत ते मांडा त्यास्नाकडे जाई. तुमी फक्त त्यास्ले सांगा, का आम्ही आठे शेत."

आंडेर म्हणजे लेक, गनज म्हणजे पुष्कळ. पोरी येत नाहीत तर मांडा पोरींकडे जाईल, तुम्ही फक्त त्यांना सांगा की आम्ही इथे आहोत. हेमांगीला वाटलं, घड्याळजी म्हाताऱ्याच्या पानाने तरी याहून वेगळं काय सांगितलं होतं, की आत कुणीतरी आहे?

स्वप्नीलने नेहमीची बाई काढून दाखवली. अक्कांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हाई कोन?"

"हे नुसतं उदाहरण आहे अक्का. जागा भरायला."

"हिले मांडा येस का?"

हेमांगीला इतकं हसू आलं की ती खोकल्याचं सोंग करत गॅलरीत पळाली. परत आली ती ठरवूनच. "सर, हे काम मला द्या. पूर्ण मला."

स्वप्नीलने विचार केला आणि बापाच्या दुकानातल्यासारखा सौदा केला. "आखाजीपर्यंत तुझं. चाललं तर पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं पान तू करायचंस, मी मधे बोलणार नाही. पण तक्रार आली तर मी गव्हातली बाई बसवणार आणि तू मुकाट्याने नावं बदलायची. कबूल?"

"कबूल," हेमांगी म्हणाली.

धुळ्याला ती फोटो काढायला गेली आणि दिवसभर तिथेच बसली. चुली पेटलेल्या, बाया घामाने निथळताहेत, आणि अक्कांचं तोंड हातांपेक्षा जोरात चाललेलं. त्या मांड्याशी बोलायच्या. खापराशी बोलायच्या. लवकर आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "थांब भो, खापर तापी राहिनं." नवीन बाईचा मांडा फाटला की ओरडायच्या, "हळू व माय! तो काय चादर शे का वढाले?" मधेच हेमांगीने काहीतरी विचारलं, अगदी स्वच्छ पुणेरी मराठीत. अक्कांनी मान वळवली.

"तू कोठली व?"

"भडगावची."

"भडगावनी? मंग अशी काब्र बोलस? जशी बातम्या सांगी राहिनी!"

बाया खो खो हसल्या. हेमांगीच्या कानशिलांना आग लागली. पण होस्टेलातलं हसणं आणि हे हसणं यात फरक होता, तो तिला तिथेच चुलीपाशी उमगला. तिकडे ती जशी होती त्याला हसले, इथे ती जशी नव्हती त्याला हसले. ती पदराएवढी ओढणी खोचून पुढे सरकली आणि किती वर्षांनी कोण जाणे, म्हणाली, "अक्का, माले बी एक करू द्या ना." मांडा अर्थातच फाटला. "हळू व माय!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. हेमांगीने तो ओरडा फोनमध्ये पकडून ठेवला.

आणि पोरीने वेबसाइट केली! काय केली, विचारू नका. पान उघडायला वेळ लागला की गोल गोल चक्र नाही, तर काळंभोर खापर दिसायचं आणि खाली अक्षरं यायची, 'थांब भो, खापर तापी राहिनं.' मग कणकेचा एक गोळा यायचा. बोटाने ओढला की तो पसरत जायचा, पातळ होत जायचा आणि त्याच्या आरपार अक्कांचं नाव, गाव, मांड्याचे प्रकार दिसू लागायचे. घाईने ओढला तर टरकन फाटायचा आणि बाया ओरडायच्या, "हळू व माय!" चुकून भलत्याच पानावर गेलात तर तिथे लिहिलेलं, 'आठे काहीच नही शे. मागे फिर.' ऑर्डरच्या बटणावर 'माले बी धाडा'. प्रत्येक खान्देशी ओळीखाली बारीक अक्षरात साधी मराठी दिली होती, कुणाचं अडायला नको म्हणून.

अक्कांना दाखवायला ती मुद्दाम धुळ्याला गेली. अक्कांनी गोळा ओढला, फाडला, स्वतःचाच ओरडा ऐकला आणि दचकून मागे सरकल्या. मग पुन्हा फाडला. मग शेजारणीला बोलावून तिच्याकडून फाडून घेतला. सगळं आवडलं. फक्त एका जागी त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसाचे मांडे देऊन झाले की पानावर लाल पाटी यायची, ती ऑफिसातल्या जुन्या साच्यातून तशीच आली होती. पाटीवर एकच शब्द होता, 'संपले'.

"हाई काढ," अक्का म्हणाल्या.

"का अक्का?"

"मना घरमा काही संपस नही. सणासुदीले दारवर 'संपनं' लिखतस का व? तुनी माय तांदूळना डबा रिकामा व्हयना ते काय म्हनस?"

हेमांगीला सुमनबाई आठवल्या. रिकामा डबा उलटा करत म्हणणाऱ्या, तांदूळ वाढनात. कधीच संपले नाहीत त्यांचे तांदूळ, उभ्या जन्मात. दिवा विझत नाही, बांगडी फुटत नाही, सगळं वाढतं. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. अभद्र शब्द उंबऱ्याच्या आत आणायचाच नाही, ही बायांची रीत. हेमांगीने लाल पाटी पुसली आणि हळदीच्या रंगात लिहिलं, 'आजना मांडा वाढनात.' खाली साध्या मराठीत, 'आजचे मांडे वाढले.'

वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्या काही दिवसांत एक गंमत झाली. लोक मुद्दाम मांडा फाडू लागले. सुरतेला उधन्यात आपले खान्देशी लोक खच्चून आहेत. तिथे म्हणे घराघरात पोरं आजीच्या फोनवर मांडा फाडत आणि "हळू व माय" ऐकून लोळत. फाडता फाडता ऑर्डरी येत गेल्या. सुरत, नाशिक, पुणे, ठाणे. मांडे बांधून ट्रॅव्हल्सच्या गाडीने रवाना होत. स्वप्नील काही बोलत नव्हता, पण दर थोड्या वेळाने हेमांगीच्या स्क्रीनकडे बघून जात होता.

मग उजाडला आखाजीचा आदला दिवस. हेमांगी सकाळीच धुळ्याला पोहोचली होती, मदतीला आणि काळजीनेही. दुपार कलायच्या आत दिवसाचे सगळे मांडे बोलून झाले आणि पानावर हळदीची पाटी झळकली, आजचे मांडे वाढले. हेमांगीने सुटकेचा श्वास सोडला न सोडला तोच फोन वाजला.

"नमस्कार, पुण्याहून बोलतेय. तुमचे मांडे वाढलेत ना, मग बटण का दाबलं जात नाही? वाढलेत तर मला जास्तीच द्या."

हेमांगीने समजावलं. फोन ठेवला, दुसरा वाजला. ठाण्याचे एक गृहस्थ, आवाजात खार. "काल हाच भाव होता, आज वाढले म्हणता! सण बघून कापता का लोकांना?" तिसरा फोन नाशिकचा, तो माणूस मात्र रंगेल निघाला. "वाढले म्हणता बाई, पण ताट कुठंय? कुठे बसू जेवायला?"

घ्या! एक शब्द, आणि कोणी त्याचा अर्थ जास्त झाले असा लावतंय, कोणी महागले असा, कोणी पानात पडले असा. जो अर्थ होता तो तेवढा कुणालाच लागेना. फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. बाया आधी हसल्या, मग कंटाळल्या. ठाण्याच्या गृहस्थांनी तर तेवढ्यात नेटवर शेरा मारला, ही फसवाफसवी आहे, खाली एकच चांदणी. आणि मग व्हायचं तेच झालं, जळगावहून स्वप्नीलचा फोन आला.

"हेमांगी, पाहिलंस? तक्रार आली. आपलं ठरलं होतं."

"सर, एका शब्दाचा घोळ आहे."

"मग तो शब्द काढ. 'संपले' लिही, लाल पाटीत, सगळ्यांना कळतं. आत्ताच्या आत्ता. आणि उद्यापासून ते खापर-बिपर उतरवू. मी म्हणत होतो तुला."

अक्का शेजारीच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "लिखी टाक माय. संपनं लिखी टाक. लोकेस्ले तरास कसाले? आपलं बोलनं कोनले समजस?"

स्वप्नीलने कितीही सुनावलं असतं तरी हेमांगीने सोसलं असतं. पण या बाईने, जिच्या आवाजाने गल्ली हादरायची, तिने म्हणावं की आपलं बोलणं कोणाला कळतं? हे तर तिचंच वाक्य होतं, होस्टेलातलं. इतकी वर्षं ती हेच वाक्य गिळून बसली होती. आता अक्कांनी ते गिळायचं? नाही. कदापि नाही.

"सर, मी नाही लिहिणार," ती म्हणाली.

"हे बघ, वाद नको. ऊन कललंय, तिन्हीसांज होत आली, पोरांनाही सणाला घरी जायचंय. मी दुकान वाढवतो आणि स्वतः बसून पाटी बदलतो."

हेमांगीने फोनचा स्पीकर चालू केला. "काय करता सर? परत सांगा."

"अगं, दुकान वाढवतो आणि बसतो म्हटलं."

"वाढवता म्हणजे? आणखी एक गाळा घेता का?"

"वाढवतो म्हणजे बंद करतो! येडी आहेस का?"

"मग 'संपवतो' म्हणा ना सर. सगळ्यांना कळतं. दुकान संपवतो म्हणा."

"ए, गप!" स्वप्नील खेकसला. "दिवेलागणीच्या वेळेला काय अभद्र बोलतेस! आमचे वडील असते तर कानाखाली..."

आणि तिथेच त्याची जीभ अडली. इकडे एका बाईने तोंडात पदर कोंबला, पण अक्कांना कसलं आवरतंय. त्या असं गडगडून हसल्या की हातातला गोळा परातीत पडला. "काय भो स्वप्नील," त्या फोनकडे वाकून ओरडल्या, आवाज पुन्हा मूळ पट्टीत, "तुले समजनं ना? मंग बाकीस्ले बी समजी!"

"समजलं अक्का," स्वप्नील म्हणाला. मग थोडा थांबून, "पण हेमांगी, ठाण्याला कसं समजवायचं?"

"त्यांना अक्काच समजावतील."

तिने फोन अक्कांच्या तोंडापुढे धरला. अक्कांनी पदर सावरला, जसा काही फोटो निघणार आहे, आणि एका दमात बोलल्या. "ऐकी ल्या बठ्ठा. आमना घरमा काही संपस नही. संपनं म्हनं ते लक्ष्मी रुसस, म्हनीसन आम्ही वाढनं म्हनतस. आजना मांडा वाढनात. भाव नही वाढना, भाव तोच शे. आते खापर निजनं, सकाळे परत तापी. तवलगून घरमा भाकर खाई ल्या. आनि रुसू नका, सण शे."

हेमांगीने तिथेच चुलीपाशी बसून तो आवाज हळदीच्या पाटीला जोडला. पाटीवर बोट ठेवलं की अक्का बोलायच्या, खाली साध्या मराठीत अर्थ यायचा, शेवटी 'तोवर घरात भाकर खाऊन घ्या'. धुराने डोळ्यांत पाणी येत होतं, धुराचं निमित्त बरं झालं.

फोन काही थांबले नाहीत. पण आता वेगळे यायला लागले. मघाची पुण्याची बाई पुन्हा बोलली, "अहो, माझ्या सासूबाई असंच म्हणायच्या, पीठ वाढलं. मी हसायचे त्यांना. आज त्या नाहीत आणि तुमच्या अक्कांचा आवाज मी सारखा ऐकतेय." ठाण्याच्या गृहस्थांनी चांदण्या सगळ्या लावून टाकल्या आणि खाली लिहिलं, आज भाकर खाल्ली, मांडा परवाचा चालेल. उधन्यातल्या पोरांनी तर मांडा फाडणं सोडून 'भाकर खाई ल्या' वाजवायला सुरुवात केली. आणि बंगळुरूहून अक्कांच्या लेकीचा फोन आला, ती नुसती हुंदके देत होती. अक्का म्हणाल्या, "रडस काब्र व? तुना मांडा गाडीमा बठी गया."

दुसऱ्या दिवशी आखाजी. देवपुरातल्या लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणताहेत. अक्कांनी पहिला मांडा खापरावरून उतरवला, घडी घातली, वर आमरसाची वाटी ठेवली आणि ताट हेमांगीपुढे सरकवलं. पहिला मांडा लेकीचा, ही तिथली रीत. हेमांगी संकोचली, तर अक्कांनी डोळे वटारले. "खाय मुकाट."

ती खात असतानाच स्वप्नीलचा फोन. "सणाचं काम सांगत नाही. फक्त कानावर घालतो. तोतारामनानांचा फोन होता. म्हणतात, धुळ्याच्या बाईचं पान पाहिलं, आमच्या केयीले बी तसंच पाहिजे. पण तुमचं ते शे-शे नको म्हणतात, आमच्या सावद्याचं बोलणं पाहिजे, चोख. कराल का मॅडम?"

मॅडम! हेमांगीने आमरसाची वाटी खाली ठेवली. "करीन की सर. पण आधी सावद्याला जाऊन बसावं लागेल. पानावर नाना स्वतः बोलले पाहिजेत."

"जा, बस. आणि गव्हातली बाई मी काढून टाकली, सगळीकडून. बिचारीलाही सुट्टी." मग जरा अवघडून तो म्हणाला, "आणखी एक. अक्कांच्या पानाच्या तळाशी आपल्या ऑफिसचं नाव आहे. नाना विचारत होते, हे केलं कुणी? म्हणाले, केळीच्या गाडीवरसुद्धा बागायतदाराचं नाव असतं. तर तुझं नाव टाक तिथे. तुझ्या मनाने टाक."

हेमांगीने ताट बाजूला ठेवलं, हात धुतले, लॅपटॉप उघडला. पानाच्या अगदी तळाशी गेली. 'डिझाइन' हा शब्द लिहिला, पुसला. 'संकल्पना व निर्मिती' लिहिलं, स्वतःलाच हसली, पुसलं. तेवढ्यात घरून फोन आला, भडगावहून. सुमनबाई विचारत होत्या, "पोरी, जेवनी का? कशी शेस?"

मागे झोक्यावरच्या पोरी ओरडत होत्या, बाया हसत होत्या, सगळ्या देवपुराला ऐकू जाईल अशी हेमांगी मोठ्याने म्हणाली, "माय, मी बरी शे!"

पलीकडून सुमनबाई म्हणाल्या, "ऊनी का व घर?"

"ऊनी माय," हेमांगी म्हणाली. आले, घरी आले.

तुम्ही आजही ते पान उघडा. हळूच उघडा, नाहीतर बाया ओरडतील. मांडा पूर्ण पसरला की तळाशी खापराच्या काठावर बारीक अक्षरं दिसतात. 'हाई पान हेमांगी बोरसेनी बनाडं. भडगावनी शे.' त्या ओळीखाली मात्र तिने साधी मराठी दिलेली नाही.